मुलगा नसलेल्या आत्याची सून

माझी आत्या सव्वीस वर्षं एका माणसाचं पुटपुटणं ऐकत होती, आणि तो माणूस तिचा नवरा नव्हता.

तिचा नवरा, म्हणजे आमचे आतोबा, पुटपुटत नाहीत. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांनी साधं मीठ मागितलं तरी शेजारचे मीठ घेऊन दारात येतात. पुटपुटायचे ते मोठे डॉक्टर. शहरातल्या मोठ्या इस्पितळात एक्स-रे, सोनोग्राफी, स्कॅन असलं सगळं बघणाऱ्या विभागाचे ते प्रमुख. तिसऱ्या मजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या आत डोकावायचं आणि काय दिसलं ते माइकमध्ये बोलायचं, हे त्यांचं काम. ते बोललेलं ऐकून त्याचा रिपोर्ट टाइप करायचा, हे आत्याचं. ती बसायची तळघरात. एका बाजूला चादरींचं कोठार, दुसऱ्या बाजूला गरम पाण्याचा बंब, मध्ये चार टेबलं, चार बायका आणि प्रत्येकीच्या पायाशी एक पेडल. पंजानं दाबलं की डॉक्टरांचा आवाज सुरू, टाचेनं दाबलं की चार शब्द मागे. हे पेडल तिच्या पायात इतकं भिनलं होतं की घरी टीव्हीवरचं एखादं वाक्य निसटलं तरी तिची टाच फरशीवर आपटायची. माझे बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, लांबण लावायला लागले की ती सरळ पाय उचलून धरायची. बाबा काही थांबायचे नाहीत, पण तिला बरं वाटायचं.

मोठे डॉक्टर हुशार होते याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. बोलण्याची अक्कल मात्र देवानं त्यांच्या वाट्याची दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकली होती. ते बिस्किट खात बोलायचे. जांभई देत बोलायचे. फोनवर बायकोशी आणि माइकमध्ये रिपोर्टशी एकाच वेळी बोलायचे. 'दोन्ही बाजूंना काही विशेष नाही' हे अख्खं वाक्य त्यांच्या तोंडून 'दोंबाकाविना' असं एका दमात बाहेर पडायचं. नवीन आलेल्या टायपिस्टला वाटायचं, हा कुठला तरी भयंकर आजार असावा. आत्याला मात्र त्या आवाजातलं सगळं कळायचं. वर एखाद्या रिपोर्टवरून घोळ झाला की डॉक्टर स्वतःच म्हणायचे, "मी काय बोललो ते मला नका विचारू, खाली कानाला विचारा." इस्पितळात तिचं नावच 'कान' पडलं होतं. पगारपत्रकावर दुसरं काहीतरी होतं, ते कुणाला आठवत नसे.

मग एक दिवस वरच्या सभागृहात सगळ्यांना बोलावणं आलं. कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीकडून एक माणूस आला होता. पंखे बंद, घामाच्या धारा, आणि याच्या गळ्यात टाय. आत्यानं त्याचं नाव तिथल्या तिथे 'टायवाला' ठेवलं. त्यानं भिंतीवर मोठा पडदा लावला आणि सांगितलं, की आता डॉक्टर बोलतील आणि हे यंत्र आपोआप लिहील. ऐकेल, समजून घेईल, चुका सुधारेल. कृत्रिम बुद्धिमत्ता आहे.

मोठे डॉक्टर माइकसमोर उभे राहिले. केस विंचरलेले, तोंडात बिस्किट नाही. शाळेत गुरुजींनी उभं करून धडा वाचायला लावावा तसे ते एकेक शब्द सुटा करून बोलले. त्यांचं वाक्य संपायच्या आत पडद्यावर अक्षरं हजर. एक काना इकडचा तिकडे नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आत्यानं हात वर केला. "हे छानच झालं. पण हे बोलले ते कोण? आमचे डॉक्टर कुठायत?"

लोक हसले. डॉक्टरही हसले. टायवाला हसला नाही, त्याला तो खरंच उत्तर द्यायचा प्रश्न वाटला. तो म्हणाला, "ताई, हे यंत्र तुमची जागा घ्यायला आलेलं नाही. तुम्हाला मदत करायला आलंय."

"मला लग्नात सासूबाई म्हणाल्या होत्या, तू सून नाहीस, मुलगीच आहेस," आत्या म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या घराची भांडी माझ्यापुढे होती. तेव्हा आपण जरा भांडी कुठली आणि कुणाची ते आधी बोलू या."

तेव्हापासून तळघरात यंत्राचं नाव 'सूनबाई' पडलं. आत्याला दोन मुली, दोघी लग्न होऊन लांब गेलेल्या. "मुलगा नाही तरी सून आली," ती येईल त्याला सांगायची. "नशीब लागतं."

नवी व्यवस्था अशी होती. डॉक्टर बोलणार, सूनबाई लिहिणार, आणि खालच्या चौघींनी आवाज ऐकत ऐकत तिच्या चुका दुरुस्त करून रिपोर्ट पुढे पाठवायचे. पहिल्याच दिवशी एका माणसाच्या पोटाच्या तपासणीत सूनबाईनं लिहिलं, 'यकृत सामान्य, वजन दोन किलो, कच्चे नाही.' आत्यानं आवाज लावला. डॉक्टर म्हणत होते, "लिव्हर नॉर्मल... हं, बोल गं... दोन किलो बास... कच्चे घेऊ नकोस, मागच्या वेळचे टोमॅटो आठवतायत ना?" टोमॅटो मात्र सूनबाईनं गाळले होते. रिपोर्टात टोमॅटो शोभत नाहीत, एवढं तिला कळत होतं.

शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं खोकणारी एक बाई होती, तिला सगळे 'खोकला'च म्हणायचे. ती हसून हसून इतकी खोकली की चादरींच्या कोठारातले लोक धावत आले.

महिनाभर तळघरात नुसती धमाल होती. रोज सकाळी कोणी ना कोणी सूनबाईचा नवा पराक्रम वाचून दाखवायचं. डॉक्टरांची शिंक तिनं 'आकुंचन' म्हणून लिहिली. एका आजोबांच्या मणक्यात तिला 'थोडी साखर कमी' आढळली. चौघी चहा पिताना तिची टर उडवायच्या आणि मग एकेक चूक सुधारून, बरोबर काय ते लिहून, बटण दाबायच्या.

सूनबाई ते सगळं टिपून घेत होती. पहिल्या महिन्यात एका पानात दहा-बारा चुका. तिसऱ्या महिन्यात चार. एका संध्याकाळी मी आत्याकडे जेवायला गेले होते, तर ती ताट वाढतानाच म्हणाली, "आज तिनं दोंबाकाविना बरोबर लिहिलं. मी सांगायच्या आधी. आपलं आपण." नातवंडानं पहिला शब्द उच्चारल्यासारखा तिचा चेहरा फुलला होता. मग पोळी वाढता वाढता तिचा हात थांबला. "खोकला म्हणत होती, अगं, आपण तिला शिकवतोय. ती पूर्ण शिकली की आपलं काय?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, तू आधी खोकून घे."

सहाव्या महिन्यात कळलं आपलं काय ते. इस्पितळाचा मॅनेजर तळघरात उतरला. हा माणूस 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' असं म्हणाला की कुणाची तरी उचलबांगडी ठरलेली असायची, म्हणून तो कुटुंबातला 'कु' उच्चारायला लागला तरी लोक पर्स आवरायला घ्यायचे. चौघींपैकी एकीनं राजीनामा दिला, एकीला जुन्या फायलींच्या खोलीत पाठवलं. खोकल्याला नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. तिच्या खोकल्यामुळे रांग आपोआप चार हात लांब उभी राहते, त्यामुळे तिथं शिस्त सुधारली असं म्हणतात. तळघरात उरली एकटी आत्या, तीन रिकामी टेबलं आणि बंब.

तेव्हा तिनं एक पाप करायचं ठरवलं. हे तिनं मला स्वतः सांगितलंय, आणि सांगताना आवाज खाली आणला, जो ती एरवी कधी आणत नाही. तिनं ठरवलं, आता सूनबाईला शिकवायचं नाही. चूक दिसली तरी तशीच जाऊ द्यायची. बघू दे वरच्यांना.

लगेच संधीही आली. डॉक्टर कुणाच्या तरी किडनीबद्दल म्हणाले होते, 'कडा स्पष्ट.' म्हणजे सगळं ठीक. सूनबाईनं लिहिलं, 'खडा स्पष्ट.' आत्यानं ते पाहिलं, दात ओठ खाऊन बटण दाबलं आणि कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला. पहिला घोट छान लागला. दुसरा घोट बरा लागला. तिसऱ्या घोटाला तिच्या डोळ्यांपुढे एक अनोळखी माणूस उभा राहिला, जो घरी जाऊन बायकोला सांगतोय की मला मुतखडा झालाय. चहा तिथंच टाकून ती धावत खाली आली आणि छपाईला लागलेला कागद खेचून काढला.

"माझं भांडण मॅनेजरशी," ती मला म्हणाली. "त्या बिचाऱ्याच्या पोटात मी फुकटचा खडा का घालू?"

सूनबाईला 'कडा' आणि 'खडा' यातला फरक तिनं त्या दिवशी तीनदा शिकवला. वर स्वतःलाच शिव्याही घातल्या.

यानंतर मॅनेजरनं जे केलं त्याला तो सुधारणा म्हणाला. त्याचं म्हणणं असं, की सूनबाई आता जवळजवळ चुकतच नाही, मग प्रत्येक रिपोर्टचा आवाज ऐकण्यात वेळ कशाला घालवायचा? नुसतं वाचा, ठीक वाटलं तर पुढे पाठवा. दिवसाला तिप्पट रिपोर्ट होतील. आणि बोलता बोलता त्यानं टेबलावरचा हेडफोन उचलला, पेडलची वायर काढली आणि दोन्ही एका खोक्यात ठेवून दिली.

"ऐकल्याशिवाय तपासू कशी?" आत्या म्हणाली. "आंधळ्या कोशिंबिरीत निदान आवाज तरी येतो."

"तुमच्या अनुभवावर आमचा विश्वास आहे," मॅनेजर म्हणाला.

"मग खोकं इथेच ठेवा."

त्यानं नाही ठेवलं.

त्याच आठवड्यात आत्या माझ्याकडे आली आणि कसलेही आढेवेढे न घेता माझा जुना हेडफोन मागून घेऊन गेली. तो गुलाबी आहे आणि त्याला वर मांजराचे दोन कान आहेत. मी कॉलेजात असताना घेतला होता, त्या वयात माणूस काहीही घेतो. आवाजाच्या फायली कॉम्प्युटरमध्ये तशाच पडून असायच्या, त्या कुलपात ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तेव्हापासून माझी चोपन्न वर्षांची आत्या तळघरात मांजराचे कान लावून, दाराकडे पाठ न करता, इस्पितळाचा नियम मोडत बसायला लागली. सगळे रिपोर्ट ऐकणं शक्यच नव्हतं. जो खटकेल तो ऐकायचा.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास एक रिपोर्ट खटकला. पन्नाशीचा माणूस, बसगाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक, दोन महिने खोकला जात नाही म्हणून छातीचं स्कॅन. सूनबाईनं लिहिलं होतं: 'उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात गाठ नाही. बाकी फुप्फुसं स्वच्छ.' वाक्य गुळगुळीत, व्याकरण चोख. त्यात चूक म्हणावं असं काही नव्हतं. पण आत्याला वाटलं, काहीच नसेल तर हा माणूस 'दोंबाकाविना' म्हणून मोकळा होतो. उजवीकडे, वर, असा पत्ता कशाला देईल? रिकाम्या घराचा पत्ता कोण सांगतं?

तिनं मांजराचे कान चढवले.

डॉक्टरांचा आवाज बिस्किटातून आला. "उजवीकडे... वरच्या भागात... गाठ..." मग बिस्किट चावणं थांबलं. तीन सेकंद काहीच नाही. मग हळूच, "नाही... नाही, थांबा, परत बघतो." खुर्ची करकरली. दार वाजलं, कुणीतरी डॉक्टरांना हाक मारली. पुढे चार मिनिटं नुसता पंख्याचा आवाज. मग डॉक्टर परत आले, बसले, आणि जणू मध्ये काही झालंच नाही असं म्हणाले, "बाकी फुप्फुसं स्वच्छ."

परत बघायचं ते विसरले होते. आणि सूनबाईनं मधला सगळा पसारा नीटनेटका आवरून 'गाठ' आणि 'नाही' हे दोन शब्द एकमेकांना चिकटवून टाकले होते.

आत्या तीन मजले जिन्यानं चढली. पोचली तेव्हा धापा टाकत होती आणि गळ्यात मांजर होतं. डॉक्टरांनी अंधारात डोळे बारीक करून पाहिलं. "हे काय आहे?"

"भाचीचं आहे. सकाळचं ते छातीचं स्कॅन पुन्हा काढा."

"का? रिपोर्ट झालाय ना? वाचला मी. व्यवस्थित लिहिलाय."

"तुम्ही बिस्किट चावायचं थांबलात."

"काय?"

"सव्वीस वर्षं ऐकतेय तुम्हाला. तुमचं चावणं दोनच कारणांनी थांबतं. काहीतरी दिसलं, नाहीतर डबा संपला. डबा संपला होता?"

डॉक्टरांनी डबा उघडून पाहिला. अर्धा भरलेला होता. त्यांनी स्कॅन उघडलं आणि एकेक चित्र सरकवत वर वर गेले. एके ठिकाणी थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आहे," ते म्हणाले. "वाटाण्याएवढी."

मेकॅनिक बाहेर व्हरांड्यात दुसऱ्या बाकावर बसला होता, रिपोर्टची वाट बघत. डॉक्टर स्वतः उठून बाहेर गेले आणि त्याच्या शेजारी बाकावर बसले. आत्यानं ते दारातून पाहिलं आणि खाली निघून आली. पुढे त्याचं ऑपरेशन झालं. गाठ वाईटच होती, पण वेळेत सापडली. तो अजून बसच्या खाली शिरून काम करतो असं खोकल्याकडून कळतं, कारण तपासणीला आला की तो तिच्याच खिडकीवर नोंद करतो. आत्या म्हणून कुणी आहे हे त्याला माहीत नाही. आत्याला त्याचं काही वाटत नाही. "त्याला कळलं असतं तर तो पाया पडला असता, मग मी काय करायचं?" असं तिचं म्हणणं.

दोन दिवसांनी बैठक झाली. मॅनेजर, मोठे डॉक्टर, टायवाला आणि आत्या. मॅनेजरचा पहिला प्रश्न होता, की ऐकायला बंदी असताना तुम्ही ऐकलंत कसं?

"कानांनी," आत्या म्हणाली.

"तुम्ही नियम मोडलात."

"हो. लिहून घ्या. शुद्धलेखन मी तपासून देते."

मोठ्या डॉक्टरांनी घसा साफ केला. आणि आयुष्यात दुसऱ्यांदा एकेक शब्द सुटा बोलले. "पहिली चूक माझी. मी विसरलो. मी न बोललेलं यंत्रानं लिहिलं, ही दुसरी. हिचा हेडफोन काढून घेतला, ही तिसरी. ती कुणाची ते मी विचारत नाहीये." मॅनेजर टेबलाच्या लाकडाची जात न्याहाळू लागला.

टायवाल्याबद्दल मात्र आत्या चांगलं बोलते. त्यानं सारवासारव केली नाही. बैठक संपल्यावर तो खाली तळघरात आला, टाय सैल केला, रिकाम्या टेबलाशी बसला आणि म्हणाला, "ताई, अजून काय काय आहे ते सांगा." दोन तास त्यानं लिहून घेतलं. पंधरा दिवसांत सूनबाई सुधारून आली. आता डॉक्टर मध्येच थांबले, अडखळले, किंवा 'नाही' कशाला उद्देशून आहे ते कळलं नाही, की तेवढा शब्द पिवळा व्हायचा आणि त्यावर बोट ठेवलं की मूळ आवाज ऐकू यायचा. खोक्यातला हेडफोन परत आला. चावणं थांबणं ओळखायचं कसं, यावर मात्र टायवाला बराच वेळ पेन चावत बसला होता.

जाताना आत्यानं त्याला विचारलं, "खरं सांगा. मी अजून किती दिवस लागेन?"

त्यानं टायकडे पाहिलं. "खरं? दोन वर्षं. फार तर तीन."

"मला निवृत्त व्हायला चार आहेत."

"हं."

"मग मधलं एक वर्ष तिला जरा मंद ठेवा."

तो हसला. आत्या गंमत करत नव्हती.

त्याचा अंदाज चुकलाच. दोन वर्षं नाही, अकरा महिने लागले. आणि त्यात सूनबाईचा काही दोष नव्हता. मोठे डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या नव्या डॉक्टरीणबाई घंटेसारख्या खणखणीत बोलायच्या. खायच्या काही नाहीत, जांभई द्यायच्या नाहीत, फोन बंद करून ठेवायच्या. पिवळा रंग दिसेनासा झाला. एका अख्ख्या आठवड्यात तीन पिवळे, त्यातला एक उचकीचा. आत्या कोऱ्या पडद्यासमोर बसून राहायची. आयुष्यात पहिल्यांदा तिला बंबाचा आवाज ऐकू आला, आणि तो तिला आवडला नाही.

दरम्यान वर एक वेगळाच गोंधळ सुरू झाला होता. पूर्वी रिपोर्ट मिळायला दोन दिवस लागायचे, तोवर माणसाचा जीव टांगणीला लागलेला असायचा, पण निदान कागद हातात यायचा तेव्हा सांगणारा डॉक्टरही समोर असायचा. आता तपासणी करून माणूस शर्टाची बटणं लावेपर्यंत रिपोर्ट त्याच्या फोनवर. डॉक्टरची भेट चार दिवसांनी. मधले चार दिवस त्यानं त्या शब्दांचं काय करायचं, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. त्यामुळे व्हरांड्यात लोक फोनकडे बघत रडायला लागले.

आत्या जेवणाचा डबा धुऊन येत होती. बाकावर एक बाई पदर तोंडाला लावून हुंदके देत होती आणि भोवती चार नातेवाईक.

"कोण गेलं?" आत्यानं विचारलं. तिला दुसरं काही सुचत नाही.

बाईनं फोन पुढे केला. 'हृदयाची सावली सामान्य आकाराची.' "माझ्या हृदयावर सावली पडलीय हो!"

आत्या तिच्या शेजारी बसली. "अहो, एक्स-रेमध्ये हृदय सावलीसारखंच दिसतं. सगळ्यांचं. तुमचं, माझं. आमच्या मॅनेजरचा फोटो काढला तर त्याचंही दिसेल, असलं तर. सामान्य आकाराची म्हणजे चांगलं आहे. रडू नका, घरी जा."

बाई रडत होती ती हसायला लागली. पलीकडच्या बाकावरचा माणूस उठून आला, "माझं बघता का जरा?" मग त्याच्यामागे आणखी एक. दुसऱ्या दिवशी नव्या डॉक्टरीणबाई दार उघडून बाहेर आल्या तर आत्याभोवती आठ माणसांचं कोंडाळं.

"तुम्ही यांना काय सांगताय?" त्यांचा आवाज कडक होता, आणि असायलाच हवा होता.

"औषध सांगत नाही, आजारही सांगत नाही," आत्या म्हणाली. "शब्द सांगते. तेवढे मला येतात. सव्वीस वर्षं तेच टाइप केलेत."

डॉक्टरीणबाईंनी तिथं उभं राहून तिचं चार लोकांशी बोलणं ऐकलं. मग आत जाऊन मॅनेजरला फोन केला. आठवड्याभरात व्हरांड्यात एक टेबल आणि तीन खुर्च्या आल्या. नियम ठरला: आत्यानं फक्त शब्दांचा अर्थ सांगायचा, आणि जिथं काही काळजीचं असेल तिथं स्वतः काही न बोलता त्या माणसाला त्याच दिवशी डॉक्टरांच्या दारात नेऊन उभं करायचं. मॅनेजरनं वर पाटी लावली, 'रुग्ण संवाद कक्ष'. भिंत एकही नाही, पण कक्ष.

लोकांना वाटतं आत्याला हे काम फार आवडलं असेल. छे. तिचं माणसांशी कधी पटलेलं नाही. मुळात ती इस्पितळात लागली होती नोंदणीच्या खिडकीवर, आणि तिसऱ्याच महिन्यात 'रांगेत उभं राहायला आजार लागत नाही, अक्कल लागते' असं एका वजनदार माणसाला ऐकवल्यामुळे तिची रवानगी तळघरात झाली होती. ती शिक्षा तिनं सव्वीस वर्षं बक्षिसासारखी भोगली. आता परत माणसं. पहिले काही दिवस ती घरी यायची ती तोंड पाडूनच. "माणसांना चेहरे असतात गं," ती मला म्हणाली. "मी विसरलेच होते."

एकदा एक तरुण मास्तर रिपोर्ट घेऊन आला. आत्यानं तीन ओळी वाचल्या आणि तिला कळलं. तिनं फोन परत दिला आणि उठली. "चला, डॉक्टरांकडे जाऊ." तो तिच्याबरोबर निघाला. व्हरांड्याच्या मध्यावर म्हणाला, "तुम्ही माझ्या आधीच्या तिघांची थट्टा केलीत. माझी केली नाहीत." आत्या दारापर्यंत त्याच्या दंडाला धरून चालली. ही हकिकत सांगताना ती दोनदा पाणी प्यायली. "टाइप करताना बरं असतं," एवढंच म्हणाली. "कागद आपल्याकडे बघत नाही."

तर असं सगळं बस्तान बसतंय तोवर, साधारण वर्षभरात, टायवाला पुन्हा आला. या वेळी त्याच्याबरोबर एक उभा पडदा होता, माणसाच्या उंचीचा. फोन त्याच्यापुढे धरायचा, तो रिपोर्ट वाचतो आणि सोप्या भाषेत, गोड बायकी आवाजात समजावून सांगतो. कितीही वेळा विचारा, चिडत नाही. 'कोण गेलं?' असं विचारत नाही. तो पडदा आत्याच्या टेबलापासून पाच पावलांवर उभा केला.

"ही धाकटी सून का?" आत्यानं विचारलं.

"ताई, ही तुमची जागा..."

"राहू दे. पाठ आहे मला."

खोटं कशाला बोला, पडदा चांगला आहे. आत्यानं दोन दिवस बाजूला बसून त्याचं सगळं ऐकलं आणि तिला त्यात एकच चूक सापडली, तीही किरकोळ. तरुण पोरंपोरी थेट त्याच्याकडेच जातात. आत्याही साधे रिपोर्ट तिकडेच पाठवते. "तुमचं काही नाही, तिकडं विचारा, ती माझ्यापेक्षा गोड बोलते," म्हणते. पण बाकीचे पडद्याचं सगळं ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि मग पाच पावलं चालत आत्याकडे येऊन विचारतात, "ती म्हणतेय ते खरं ना?"

मी तिला विचारलं, भीती नाही का वाटत? निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत.

"वाटते ना. पण त्या शहाण्यांनी पडद्यापुढे खुर्ची ठेवलेली नाही," ती म्हणाली. "पोटात दुखणारा माणूस किती वेळ उभा राहील?"

मॅनेजरच्याही हे लक्षात आलं. त्यानं तिच्या तीनपैकी एक खुर्ची पडद्यापुढे सरकवायला सांगितली. आत्या म्हणाली, ती मोडकी आहे, कुणी पडलं तर नाव इस्पितळाचं जाईल. दुसरी मागितली, तर म्हणाली, तिच्यावर पेशंट बसलाय, उठवू का? तिसरीवर ती स्वतः बसली होती.

गेल्या आठवड्यात मी तिला डबा द्यायला गेले तेव्हा तिच्या टेबलापुढे चार खुर्च्या होत्या आणि चारही भरलेल्या. चौथी कुठून आली ते तिनं सांगितलं नाही. जिन्याकडे जाताना मी मॅनेजरच्या खोलीत डोकावले. तो उभ्यानं फाइल वाचत होता.